किती पाण्यात, ते आधी सांगा

चैत्र सरत आला की माझ्या औषधांच्या दुकानात काउंटरवर दोन गोष्टींचा खप वाढतो. एक घामोळ्यांची पावडर आणि दुसरी ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात मिसळून पाजायच्या क्षार-साखरेची पुडी. पावडरीबद्दल कुणी पत्र लिहीत नाही. पुडीबद्दल मात्र या महिन्यात इतकी पत्रं आली की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलले आहेत. खोकल्याच्या औषधाबद्दल विचारणाऱ्या साखळी गावच्या गुरुजींनी तेवढं रागावू नये.

माझा नातू चौदा महिन्यांचा, वजन नऊ किलो. परवा त्याला जुलाब लागले. शेजारच्या वयनीने पुडी दिली. एवढंसं पोर लिटरभर पाणी कुठे पिणार, म्हणून मी अंदाजाने पाव पुडी त्याच्या दुधाच्या बाटलीत घातली. तोंड वाकडं करू लागला तेव्हा वर चमचाभर साखर टाकली. मुलगा म्हणतो, आई, तू चुकलीस. जुलाब तर थांबलेच नाहीत. खरंच चुकलं का माझं?
— एक आजी, पेडणे

आजी, चुकलं. पण हीच चूक माझ्याही हातून झाली आहे, आणि मी तर त्याचं शिक्षण घेऊन बसलेली.

डिचोलीत दुकान उघडून वर्षही झालं नव्हतं. मे महिना, दुपारी दुकान मिटायची वेळ. एक तरुण बाप धावत आला, पोराला जुलाब होताहेत म्हणाला. मी मोठी पुडी दिली. "किती पाण्यात?" त्याने विचारलं. मी शटरची काठी हातात घेऊन म्हटलं, "एक बाटली." माझ्या डोळ्यांसमोर लिटरची बाटली, त्याच्या डोळ्यांसमोर पोराची दुधाची, पाव लिटरची. त्याने अख्खी पुडी तिच्यात ओतली. संध्याकाळी पोर पाणी पाणी करत किरकिरू लागलं, कशाने थांबेना, ओकू लागलं. इस्पितळात न्यावं लागलं. दोन दिवसांनी बरं होऊन घरी आलं, हे माझं नशीब. त्या बापाने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही. मिठाई घेऊन आला होता उलट. तेव्हापासून पुडीवर पेनाने ठळक "१ लिटर" लिहिल्याशिवाय आणि समोरच्याकडून "किती पाण्यात?" हे परत वदवून घेतल्याशिवाय मी पुडी हातातून सोडत नाही. लोकांना वाटतं, बाय म्हातारपणी शाळामास्तरीण झाली.

आता हिशेब बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाची मोठी पुडी साधारण साडेवीस ग्रॅमची. तिच्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. हे सगळं बरोबर एक लिटर पाण्यासाठी. तसं केलं की लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल (क्षार मोजायचं माप) भरतं. हीच पुडी एका दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात ओतली तर ते पाचपट होतं, ३७५. समुद्राच्या पाण्यात ते साधारण ४७० ते ४८० असतं. म्हणजे तुमच्या मांद्रेच्या किनाऱ्यावरचं पाणी थोडं पातळ करून पोराला पाजल्यासारखं. रक्तात मीठ वाढतं, अंगातलं पाणी पेशींमधून बाहेर ओढलं जातं, आणि ज्याच्यासाठी औषध दिलं त्याच्याच उलट होतं.

तुम्ही पाव पुडी घेतलीत. पाव पुडीला पाव लिटर पाणी, हा हिशेब कागदावर बरोबर आहे. पण पावडर डोळ्यांनी पाव होत नाही. शिवाय आत चार पदार्थ आहेत, आणि पुडीच्या वरच्या थरात ते त्याच प्रमाणात असतील याची खात्री कुणी द्यायची? म्हणून पुडी कधी अर्धी करायची नाही. अख्खी पुडी, अख्खं पाणी. पोर प्यालं तेवढं प्यालं, उरलेलं दुसऱ्या दिवशी ओतून टाकायचं. एवढं वाया घालवणं जिवावर येत असेल तर दोनशे मिलिलिटरची छोटी पुडी मिळते, ती मागा. फक्त घरी नेल्यावर छोटी कुठली नि मोठी कुठली याचा घोळ करू नका. दोन्ही एकाच डब्यात ठेवणारी घरं मी पाहिली आहेत.

पाणी मोजायचं कशाने? घरातल्या पेल्यांवर विश्वास ठेवू नका. माझ्याच मांडणीवरचे तीन स्टीलचे पेले एकदा मोजले. एकात १४० मिलिलिटर मावलं, एकात १८०, आणि सासूबाईंच्या माहेरच्या पेल्यात पार तीनशे. आपल्याकडे पाण्याला बियरच्या आणि फेणीच्या रिकाम्या बाटल्या वापरायची पद्धत आहे. बियरची मोठी बाटली ६५० ची, फेणीची ७५० ची. दोन्ही लिटरच्या नव्हेत. सोपी युक्ती सांगते. विकतच्या पाण्याची एक लिटरची बाटली आणा आणि झाकण उघडायच्या आधी पाणी जिथवर असेल तिथे मार्करने रेघ मारा. ही तुमची मापाची बाटली. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी त्या रेघेपर्यंत घ्यायचं, मग ते स्वच्छ भांड्यात ओतून पुडी घालायची. दुधात नाही, चहात नाही, सरबतात नाही. आणि मिसळून झाल्यावर ते परत उकळायचं नाही.

साखरेचं म्हणाल तर आतड्यात साखर जास्त झाली की ती उलट पाणी आत ओढून घेते. जुलाब वाढतात. तोंड वाकडं करणाऱ्या पोराला गोड करून देण्यापेक्षा हळू द्या. चहाचा चमचा घ्या, मिनिटा-दोन मिनिटांनी एक. बाटलीने नको, वाटी-चमच्याने. तुमच्या नातवाच्या वयाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर पुरे. दोन वर्षांवरच्या मुलाला १०० ते २००. ओकला तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा, आधीपेक्षाही सावकाश. "ओकतोय म्हणून बंद केलं" हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. आईचं दूध चालू असेल तर ते एकदाही चुकवायचं नाही. पेज, मऊ भात, केळं, जे खात असेल ते द्या. पोट रिकामं ठेवल्याने जुलाब थांबत नाहीत, पोर तेवढं खंगतं.

राहिली तुमची खरी तक्रार, जुलाब थांबले नाहीत. आजी, ही पुडी जुलाब थांबवायची नाहीच. तिचं काम गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायचं. जुलाबात आतडं नुसतं पाणी नीट शोषत नाही, पण ग्लुकोज आणि सोडियम हातात हात घालून आले तर त्यांना आत घेणारी वाट तेव्हाही उघडी असते, आणि त्यांच्या मागून पाणी आत जातं. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, बंगालमधल्या बनगावला, पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ होती आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपलं होतं. डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळला आणि ते आजाऱ्यांच्या नातेवाइकांच्याच हाती दिलं, पाजत राहा म्हणून. जिथे शंभरातले तीसेक दगावत होते तिथे आकडा तीन-चारावर आला. जुलाब त्यांचेही लगेच थांबले नव्हते. माणसं मात्र जगली.

जुलाब लवकर आटोपायला मदत होते ती झिंकची. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब थांबले तरी चौदा दिवस. आरोग्य केंद्रात ओआरएस आणि झिंक दोन्ही फुकट मिळतात, हे औषध विकणारी सांगतेय म्हणजे खरं समजा. मोठ्यांची जुलाब थांबवायची गोळी तोडून पोराला द्यायची नाही. कधीच नाही.

आणि हे दिसलं तर चमचा खाली ठेवून थेट डॉक्टर: डोळे खोल गेलेत, रडतो पण पाणी येत नाही, सहा-आठ तास लंगोट कोरडा, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, शौचात रक्त, एकसारखं ओकणं, किंवा पोर सुस्त पडलंय आणि प्यायलाच मागत नाही. हे शेवटचं दिसलं की १०८ ला फोन करा, रिक्षा शोधत बसू नका.

तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय, पुडी नसली तर? सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, लिटरभर पाणी. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा, आणि वरून बोटाने सपाट केलेला. पण पेडण्याच्या घरात मीठ आगरवाड्याचं जाडंच असणार. खड्यांमध्ये फट राहते, तेव्हा त्याचा अर्धा चमचा बारीक मिठाइतका भरत नाही. कुटून घ्या किंवा बारीक मीठ वापरा. झाल्यावर एक घोट स्वतः घ्या. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या. यात पोटॅशियम नाही, म्हणून पुडी मिळेपर्यंतची सोय एवढंच तिला समजा.

माझा मुलगा सोळा वर्षांचा, फुटबॉल खेळतो. त्याला मी रोज दप्तरात ओआरएसचा फळाच्या चवीचा खोका देत होते. आता सुपरमार्केटवाला म्हणतो ते नाव बदललं. मग तोच खोका चालू ठेवू का?
— एक आई, मडगाव

नाव का बदललं ते आधी बघा. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२५ च्या ऑक्टोबरात हुकूम काढला की खाद्यपेय म्हणून विकल्या जाणाऱ्या कुठल्याच वस्तूच्या नावात "ओआरएस" हे शब्द वापरायचे नाहीत. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर शिवरंजनी संतोष त्यासाठी वर्षानुवर्षं भांडत होत्या. कारण साधं आहे. ओआरएसमध्ये शंभर मिलिलिटरला ग्लुकोज १.३५ ग्रॅम. या खोक्यांपैकी काहींत तेवढ्याच पेयात साखर आठ-दहा ग्रॅम, कधी त्याहूनही जास्त, आणि मीठ मात्र हात आखडून. जुलाब झालेल्या पोराला ते दिलं तर काय होतं ते वर आजींना सांगितलंच आहे.

ओळखायचं कसं? खोका उलटा करा. चौदा आकड्यांचा अन्नपरवाना क्रमांक छापलेला असेल तर ते खाद्यपेय आहे, औषध नाही. खऱ्या औषधावर "ओरल रिहायड्रेशन सॉल्ट्स" आणि पुढे "आय.पी." (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधांचं भारतीय प्रमाण) अशी अक्षरं असतात. घटकांत सोडियम ७५, ग्लुकोज ७५ आणि एकूण ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं प्रमाण) २४५ सापडते. तयार द्रव स्वरूपातही असं खरं ओआरएस मिळतं, म्हणून खोका म्हटला की खोटाच असंही नाही. दुकानदाराला अक्षरं दाखवायला सांगा. मलासुद्धा.

आणि तुमच्या मुलाला रोज त्याची गरजच नाही. तासाभराच्या सरावाला पाणी पुरतं, घरी येऊन जेवला की मीठ मिळतं. मेच्या उन्हात दोन सामने एका दिवशी असले आणि बनियन पिळून घाम निघाला तर गोष्ट वेगळी, तेव्हा पुडी असू दे बॅगेत. ग्लुकोजची पावडर मात्र ओआरएस नव्हे. तिच्यात साखर आहे, हवं तेवढं मीठ नाही.

वय ६८. मधुमेह आहे आणि ब्लडप्रेशरच्या दोन गोळ्या चालू आहेत. उन्हाळ्यात थकवा येतो म्हणून सुनेने रोज एक लिटर ओआरएस प्यायला लावलंय. मला साखरेची भीती वाटते. शुगर-फ्री ओआरएस मिळतं का?
— म्हापशाहून एक भगिनी

शुगर-फ्री ओआरएस म्हणजे खोबरं नसलेला नारळ. त्यातलं ग्लुकोज चवीला घातलेलं नाही, सोडियमला आत न्यायला घातलेलं आहे. ते काढलं तर उरतं खारट पाणी.

तुमची भीती चुकीच्या गोष्टीची आहे. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यात ग्लुकोज २.७ ग्रॅम येतं, चमचाभरसुद्धा नाही. खरंच जुलाब झाले तर मधुमेह आहे म्हणून ओआरएस टाळू नका, फक्त साखर घरच्या यंत्रावर जास्त वेळा तपासा. भीती मिठाची बाळगा. लिटरभर ओआरएसमध्ये सोडियम सुमारे १.७ ग्रॅम असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला २ ग्रॅमच्या आत राहा म्हणते. जेवणातलं मीठ, बांगड्याचं खारं, लोणचं हे सगळं त्याच्यावर. जुलाब नाहीत, उलटी नाही, आणि रोज लिटर? सूनबाईंचं मन चांगलं आहे, पण हे आजपासून बंद. थकवा का येतो ते डॉक्टरांना विचारा. एप्रिलमधला प्रत्येक थकवा उन्हाचा नसतो.

आणखी एक. तुमच्या दोन गोळ्यांपैकी एक लघवीची असेल तर जुलाब लागल्या दिवशी ती घ्यावी की नाही, हे फोन करून डॉक्टरांना विचारायचं. मधुमेहाच्या काही गोळ्यांचंही तसंच. स्वतःहून घेतही राहायच्या नाहीत आणि सोडायच्याही नाहीत. मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी तर पाणी किती आणि पोटॅशियम किती, हे आधीच लिहून घेतलेलं बरं. त्यांना आडसराचं, म्हणजे शहाळ्याचं पाणीही विचारल्याशिवाय नको, त्यात पोटॅशियम भरपूर असतं. बाकीच्यांना आडसर छान, पण जुलाबात त्याने भागत नाही, सोडियम फार कमी.

आमची काजूची बागायत आहे. पहाटेपासून बोंडू वेचायचे, मग दारू गाळायच्या भाटीपाशी उभं राहायचं. घाम इतका की शर्टावर पांढरे डाग पडतात. पाणी भरपूर पितो तरी रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. पुडी घेऊ?
— सत्तरीहून एक बागायतदार

पांढरे डाग म्हणजे तुमचं मीठ शर्टावर वाळलंय. घामात पाणीही जातं आणि मीठही, आणि तुम्ही भरून काढता फक्त पाणी. नुसतं पाणी लिटरांनी ढोसलं तर रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायलाही लागू शकतो.

तुमच्या घरात उपाय आहे. दहाच्या पेजेला उकड्या तांदळाची मिठाची पेज, वर खाराची फोड. दुपारी तिवळ, म्हणजे मीठ घातलेलं कोकमाचं पाणी. बापजाद्यांनी हे चवीपुरतं ठरवलं नव्हतं. भाटीपाशी उभं राहायच्या दिवशी लिटरभर ओआरएस सोबत ठेवा आणि घोट घोट दिवसभर घ्या, चालेल. ब्लडप्रेशर असेल तर वरच्या भगिनींना लिहिलेलं वाचा. पांढरे डाग, पोटऱ्यांतले गोळे आणि तरीही बरं वाटत नाही असं आठवडाभर चाललं तर रक्त तपासून घ्या.

हुर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची दारू, पाण्यात धरू नका. लिंबू आणि मीठ घातलेलं असलं तरी नाही. दारूने लघवी वाढते, प्यालात त्याहून जास्त जातं.

वेचणाऱ्यांपैकी कुणी उन्हात कोसळला, अंग तापलंय आणि बोलणं असंबद्ध आहे, तर तोंडात काहीही ओतू नका, ओआरएससुद्धा नाही. श्वासनलिकेत जाईल. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. पूर्ण शुद्धीत येऊन स्वतः पेला धरू लागला की मगच पाजायचं.

मी शिरगावच्या लईराई देवीचा धोंड, म्हणजे जत्रेचं व्रत पाळणारा भक्त आहे. व्रताच्या दिवसांत पुडी घेतली तर चालते का?

व्रताचं तुमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा, तो अधिकार माझा नाही. औषधाचं सांगते. आत मीठ, ग्लुकोज आणि दोन क्षार आहेत, कुणाचं शिजवलेलं काही नाही. पाणी तुम्ही स्वतः विहिरीतून काढून उकळू शकता. चवीची पुडी घेऊ नका, साधी घ्या. गेल्या जत्रेच्या आदल्या दिवशी एक धोंड पुडी घेऊन गेला, दुकानाच्या पायरीखाली उभा राहून. हातात घेतली नाही, मी पायरीवर ठेवली, त्याने उचलली. पैसेही तसेच ठेवले. "किती पाण्यात?" मी विचारलं. "एक लिटर, बाये," म्हणाला, "तू दर वर्षी विचारतेस."

केलेलं ओआरएस किती टिकतं? आणि गेल्या पावसातल्या पुड्यांमधल्या पावडरीचा गोळा झालाय, त्या वापरू का?
— फोंडा

चोवीस तास, झाकून, शक्यतो फ्रिजमध्ये. बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहा, नाहीतर सकाळचं की कालचं यावरून भांडणं होतात. गोळा झालेली पुडी फेका. आपल्या पावसात कागदाच्या खोक्यातल्या पुड्या ओल धरतातच. तारीख उरली असेल, पण पुडी कुठे तरी फुटली आहे. माझ्या घरी त्या चहापत्तीच्या रिकाम्या डब्यात असतात, घट्ट झाकणाच्या, आणि रेघ मारलेली बाटली त्याच फळीवर.